बिनाका गीतमाला: पहिला नंबर ठरायचा कसा?

माझ्या काकांनी कित्येक वर्षं दर बुधवारी, रेडिओवर हिंदी सिनेगीतांची ‘बिनाका गीतमाला’ ऐकत, एक पान लिहिलं. वहीत डावीकडे आकडे, उजवीकडे गाण्याचा मुखडा आणि कंसात सिनेमाचं नाव. आकडे उलटे चालायचे: वरच्या ओळीत १६, तळाला १. गाणी ज्या क्रमाने कानावर पडली त्याच क्रमाने उतरवलेली. मधूनच एखाद्या ओळीत गाण्याऐवजी नुसतं ‘खरखर’ लिहिलेलं सापडतं. एका पानावर ७ आणि ६ या दोन्ही ओळींत खरखर आहे, ५ पासून पुन्हा गाणी सुरू. म्हणजे तेवढा वेळ कोलंबोचं स्टेशन हरवलं होतं आणि काका रेडिओच्या काट्याशी झटत बसले होते.

ती वही चाळताना मला दोन प्रश्न पडतात. हिंदी सिनेमाची गाणी मुंबईत तयार होत, त्यांचा हा कार्यक्रमही मुंबईतच ध्वनिमुद्रित होई. मग तो ऐकायला काकांना लंकेचं स्टेशन का लावावं लागत होतं? आणि या आठवड्यात अमुक गाणं पहिलं, तमुक चौथं, हे ठरवत कोण होतं? तेव्हा ना संगणक होता, ना गाणं किती वेळा वाजलं याची कुठे नोंद.

लंकाच का?

१९५२ साली केंद्रात माहिती आणि नभोवाणी खातं आलं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे. केसकर जन्माने पुण्याचे आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. सिनेसंगीत त्यांना सवंग वाटे, त्यातली पाश्चात्त्य वाद्यं तर मुळीच आवडत नसत. आकाशवाणीवर सिनेगीतांचा वाटा त्यांनी छाटला. त्यातच दुसरा वाद निघाला. गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, सबब नाव सांगायचं नाही, अशी आकाशवाणीची भूमिका झाली. निर्माते चिडले आणि गाणी वाजवण्याची परवानगीच त्यांनी काढून घेतली. काही काळ आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळपास नाहीशी झाली.

केसकरांची टिंगल करणं सोपं आहे आणि ती भरपूर झालीही आहे. पण संगीताचे अखिल भारतीय कार्यक्रम आणि आकाशवाणीचा वाद्यवृंद ही त्याच काळातली कामं, हेही लिहून ठेवायला हवं. त्यांचा अंदाज चुकला तो एका ठिकाणी. श्रोत्यासमोर चांगलं वाढलं की तो मुकाट्याने जेवेल असं त्यांना वाटलं. श्रोता उठून शेजारच्या घरी गेला.

शेजारचं घर म्हणजे रेडिओ सिलोन. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडचं मुख्यालय लंकेत होतं, लॉर्ड माउंटबॅटन त्याचे प्रमुख. आशियाभर पसरलेल्या सैनिकांसाठी तिथे एक रेडिओ केंद्र उभं राहिलं आणि त्यासाठी प्रचंड ताकदीचे लघुलहरी प्रक्षेपक आले. युद्ध संपलं, ही सगळी यंत्रसामग्री पुढे सिलोनच्या सरकारकडे आली. छोट्या देशाला एवढ्या मोठ्या आवाजाचं करायचं काय? क्लिफर्ड डॉड या ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली तिथे जाहिरातींवर चालणारी सेवा सुरू झाली आणि तिचं तोंड भारताकडे वळलं. आकाशवाणी त्या काळी जाहिराती घेत नसे. भारतातल्या ज्या कंपन्यांना रेडिओवर साबण, चहा, टूथपेस्ट विकायची होती त्यांनी पैसे कोलंबोला मोजले.

गंमत अशी की घरात रेडिओ ठेवायचा तर भारत सरकारचं लायसन्स लागे. पोस्टात जाऊन दर वर्षी पैसे भरायचे, पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा आणि घरी येऊन सिलोन लावायचं.

आता ते लागत कसं होतं, हे थोडक्यात. रेडिओलहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे साधारण केंद्राचा आवाज काही अंतरावर संपतो. लघुलहरी मात्र वर जातात, जमिनीपासून दोन-तीनशे किलोमीटरवर असलेल्या विद्युतभारित हवेच्या थरावरून वळून पुन्हा खाली येतात. कॅरमची सोंगटी कड घेऊन पलीकडच्या भोकात जावी तशी. कोलंबो ते मुंबई हे सुमारे दीड हजार किलोमीटरचं अंतर अशा एका उडीत पार होतं. हा वरचा थर सूर्यप्रकाशामुळे तयार होतो, म्हणून तो सकाळी एक असतो, संध्याकाळी दुसरा. त्यामुळे स्टेशन एकाच वेळी वेगवेगळ्या लांबीच्या लहरींवर बोलायचं. निवेदक ‘२५, ३१ और ४१ मीटर बैंड’ म्हणायचा त्याचा अर्थ हाच: आज तुमच्याकडे जी नीट लागेल ती लावा. आवाजाच्या लाटा यायच्या, गाणं जवळ यायचं, लांब जायचं, याचंही कारण तेच. एकच लहर दोन वाटांनी येऊन पोचते, कधी दोन्ही मिळून आवाज वाढतो, कधी एकमेकींना खोडतात. काकांच्या ७ आणि ६ क्रमांकांवर तेच झालं असणार. भिंतीवर आडवी ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियल होती, ती काकू अधूनमधून काठीने हलवायची. उपयोग होत होता का? काकूच्या मते होत होता.

सात गाण्यांचं कोडं

३ डिसेंबर १९५२, बुधवार. बिनाका टूथपेस्ट बनवणाऱ्या सिबा कंपनीच्या पैशावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागला. बिनाकाचाच पाश्चात्त्य गाण्यांचा एक हिट परेड, म्हणजे लोकप्रियतेच्या क्रमाने गाणी लावणारा कार्यक्रम सिलोनवर आधीपासून लोकप्रिय होता, त्याचं हे हिंदी भावंड. काम अमीन सयानी नावाच्या पोराकडे आलं. वय वीसला अठरा दिवस कमी. त्याचे मोठे भाऊ हमीद सयानी इंग्रजीतले नामांकित निवेदक, सिलोनसाठी मुंबईत कार्यक्रम बनवणाऱ्या मंडळींपैकी एक. लिहायचं, बोलायचं, आलेली पत्रं तपासायची, आणि या सगळ्याचे आठवड्याला २५ रुपये. अनुभवी मंडळींपैकी कुणी तयार झालं नाही, म्हणून आपल्या गळ्यात पडलं, असं सयानी पुढे हसत सांगायचे.

सुरुवातीला क्रमवारी वगैरे काही नव्हती, ही गोष्ट बरेच जण विसरतात. सात गाणी वाजत, ती कालक्रमाने लावून श्रोत्यांनी पाठवायची. जमलं तर शंभर रुपयांच्या बक्षिसात वाटा. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. वर्षभरात आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत आकडा गेला, असं सयानींनी अनेक मुलाखतींत सांगितलं आहे. पासष्ट हजार पत्रं दर आठवड्याला फोडून, वाचून, बरोबर-चूक ठरवायची म्हणजे काय होईल ते दिसतंच आहे. कोडं बंद करावं लागलं. १९५४ च्या सुमाराला गीतमाला हिट परेड झाली, पुढे वेळ तासाचा झाला, गाणी सोळा.

मोजायचं तरी काय?

गाणं ‘लोकप्रिय’ आहे म्हणजे नेमकं काय आहे? ते जास्त विकलं जातं? जास्त जण गुणगुणतात? लग्नाच्या बँडवर वाजतं? ही तिन्ही उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. गीतमालेने आधी त्यातलं सगळ्यांत सोपं मोजायला घेतलं: देशभरच्या दुकानांत किती रेकॉर्डी खपल्या.

दिसायला हे चोख आहे. खिशातून पैसे काढले म्हणजे आवडलंच असणार. पण यात दोन-तीन खड्डे आहेत. जुनी, मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी घ्या. तिच्या दोन बाजूंना दोन गाणी. दुकानदार सांगणार, अमुक नंबरच्या शंभर तबकड्या गेल्या. त्या कुठल्या बाजूसाठी गेल्या ते त्याला काय ठाऊक! पुढे एका तबकडीवर चार गाणी, मग अख्खा सिनेमा आला, तेव्हा तर हे आणखी धूसर झालं. दुसरा खड्डा असा, की रेकॉर्ड विकत घेणारं घर म्हणजे ती वाजवायला फोनो असलेलं घर. तेवढीच घरं धरली तर लोकांची आवड कळत नाही, ऐपत कळते.

सगळ्यांत वाईट खड्डा तिसरा, आणि सयानींनी स्वतःच तो सांगितला आहे. गाणं इतकं गाजलं की दुकानातल्या सगळ्या रेकॉर्डी संपल्या. नवा माल यायला दोन आठवडे. त्या दोन आठवड्यांत विक्री किती? शून्य. म्हणजे ज्या गाण्यासाठी लोक दुकानातून हात हलवत परत जाताहेत तेच तुमच्या यादीत खाली घसरणार. बाजारात हापूस संपला म्हणून लोकांना हापूस आवडेनासा झाला, असं म्हणण्यासारखंच हे.

मग श्रोत्यांनाच विचारू. पोस्टकार्ड टाका, मत कळवा. इथे दुसरीच अडचण. एका माणसाचं एक कार्ड की एका माणसाची शंभर कार्डं, ते कोलंबोला किंवा मुंबईला बसून कसं ओळखणार? निर्मात्याने चार मुलं बसवून हजार कार्डं लिहून घेतली तर पोस्टाच्या खर्चात पहिला नंबर. सुट्या श्रोत्यांची मतं म्हणून बाजूला ठेवावी लागली.

यातून जो तोडगा निघाला तो मला फार आवडतो: श्रोता संघ. गावोगावी रेडिओ ऐकणाऱ्यांची मंडळं होतीच. दहा-वीस जण जमायचे, नाव घ्यायचे, शिक्का करायचे, फर्माइशी पाठवायचे. झुमरी तलैया हे गाव तर त्या फर्माइशींमुळेच देशाला माहीत झालं. अशा संघांनी दर आठवड्याला आपल्याकडच्या लोकप्रिय गाण्यांची यादी पाठवायची. संघाचा पत्ता ठाऊक असतो, त्याच्या याद्या आठवड्यामागून आठवडे येत असतात, अचानक एखाद्याने कुणी ऐकलेलंही नाही असं गाणं वर लावलं तर डोळ्यांवर येतं. एक संघ फितवता येईल, देशभरचे कसे फितवणार?

शेवटी दुकानांचे आकडे आणि संघांच्या याद्या एकत्र करून क्रम लागायचा. दुकानात माल संपला तर संघ सावरून घेणार, संघ हट्टाला पेटला तर दुकानाचा आकडा त्याला जागेवर आणणार. दोन्ही मापं सदोष होती, पण त्यांचे दोष निरनिराळ्या दिशांना होते. निवडणुकीचे अंदाज बांधणारे लोक आज याच युक्तीवर पोट भरतात.

एक नियम मात्र मोजणीचा नव्हता, करमणुकीचा होता. गाणं ठरावीक आठवडे यादीत टिकलं की त्याला ‘सरताज गीत’ म्हणून सलामी द्यायची आणि स्पर्धेतून मोकळं करायचं. नाहीतर एखादं चिवट गाणं वर्षभर जागा अडवून बसलं असतं, आणि बुधवारी कान लावून बसावं असं काही उरलं नसतं.

वर्षअखेरीचा कार्यक्रम वेगळाच. त्यात अख्ख्या वर्षाचा हिशेब. इथे काकांचं आणि त्यांच्या मित्राचं दर डिसेंबरला भांडण व्हायचं, कारण वर्षाचं पहिलं गाणं बऱ्याचदा अपेक्षेबाहेरचं निघे. कारण समजून घ्यायला एक काल्पनिक गणित करू. समजा पहिल्या पायरीला १६ गुण, सोळाव्या पायरीला १. एक गाणं चार आठवडे पहिलं राहिलं आणि गायब झालं: ६४ गुण. दुसरं कधीच वर गेलं नाही, पण पंधरा आठवडे पाचव्या पायरीवर ठाण मांडून बसलं: दर आठवड्याचे १२, एकूण १८०. वर्षाच्या बेरजेत दुसरं पहिल्याला मैलभर मागे टाकतं. धूमकेतू आणि घरचा दिवा यांत अशी बेरीज नेहमी दिव्याच्या बाजूने कौल देते.

१९५७ सालचं उदाहरण बघा. ‘मदर इंडिया’, ‘नया दौर’, ‘प्यासा’ हे तिन्ही त्याच वर्षीचे. आणि गीतमालेत वर्षाचं पहिलं गाणं ‘ज़रा सामने तो आओ छलिये’, सिनेमा ‘जनम जनम के फेरे’, संगीत एस. एन. त्रिपाठी. सिनेमा आज किती जणांना आठवतो? गाणं मात्र अजून भजनी मंडळात ऐकू येतं. तिजोरीतला गल्ला किंवा समीक्षकांची पसंती मोजणाऱ्या कुठल्याही यादीत हे वर आलं नसतं.

सालाचा घोळही ध्यानात ठेवायला हवा. सिनेमा वर्षाच्या शेवटी आला तर गाणं चढेपर्यंत कॅलेंडर बदलतं. महागाईवरचं ‘रोटी कपड़ा और मकान’ मधलं गाणं १९७५ चं पहिलं, पण सिनेमा ऑक्टोबर १९७४ चा. ‘चिट्ठी आई है’ १९८७ चं पहिलं, सिनेमा १९८६ चा. त्यामुळे जुन्या याद्यांवरून ‘या वर्षी हे सिनेमे आले’ असं कुणी सांगायला लागलं तर जरा थांबा.

१९६७ ते १९७० अशी सलग चार वर्षं पहिल्या नंबरचं गाणं लक्ष्मीकांत–प्यारेलाल यांचं होतं, यावरून मात्र वाद घालायला जागा नाही. काकांच्या वहीत त्या चारही पानांवर लाल शाईची चौकट आहे. ते शंकर–जयकिशनवाले होते, त्यामुळे ती चौकट आनंदाची असेलसं वाटत नाही.

या सगळ्या मोजणीला एक आजार होता आणि त्यावर इलाज नव्हता. गाणं गीतमालेत वर आलं की अख्ख्या देशाने ते ऐकलं, ऐकलं म्हणून रेकॉर्ड घेतली, घेतली म्हणून पुढच्या बुधवारी ते आणखी वर. तापमापकाने तापच वाढवावा तसं. सोळाव्या पायरीच्या खाली किती चांगली गाणी राहून गेली असतील त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

चढती भाजणी

मोजणी कितीही चोख असली तरी नुसती यादी वाचून दाखवली असती तर बेचाळीस वर्षं कुणी ऐकली नसती. यादी खालून वर वाचायची, पहिला नंबर सगळ्यांत शेवटी, आणि त्याच्या आधी बिगूल. सयानी क्रमांकाला क्रमांक म्हणत नसत, ‘पायदान’ म्हणत. पायरी. गाणं पायरी चढलं, दोन पायऱ्या घसरलं, उंबऱ्यावरून परत गेलं. निर्जीव आकड्याला त्यांनी पाय दिले.

आणि ती भाषा. त्यांच्या आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढत. गांधीजींचा आग्रह सोप्या हिंदुस्थानीचा होता, आणि हे नियतकालिक नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे, भाषा एकच. लहान अमीनने त्या कामात हात घातला होता. गुजराती घर, इंग्रजी शिक्षण, मुंबईचं वास्तव्य; यातून आलेली त्यांची हिंदी ना संस्कृतात रुतली ना फारसीत. ‘बहनो और भाइयो’ म्हणताना बहिणी आधी. आमच्या काकूला शाळेत हिंदीचं एक पुस्तकही धड शिकवलं गेलं नव्हतं, पण सयानींचं एक वाक्य तिला अडायचं नाही. ‘तो बोलतो ते मराठीच आहे, जरा लांबवून,’ असं ती म्हणे.

आकाशवाणी हे सगळं बघत बसली नव्हती. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली, सिनेगीतं सन्मानाने परत आली. जाहिराती यायला मात्र १९६७ उजाडलं, आणि त्यांची सुरुवात मुंबई, पुणे, नागपूर या आपल्याच केंद्रांवरून झाली. तोवर बुधवारची सवय इतकी मुरली होती की गीतमाला सिलोनवरून हलायला आणखी बावीस वर्षं गेली. १९८९ साली ती विविध भारतीवर आली. मधल्या काळात सिलोनचं श्रीलंका झालं होतं आणि टूथपेस्टचं नाव सिबाका, त्यामुळे कार्यक्रमाचंही.

आवाज आता स्वच्छ येऊ लागला. पण मोजायचं काय, हा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला होता. कॅसेट आल्या. रेकॉर्डच्या दुकानात एक वही असायची, कॅसेट पानाच्या टपरीवरही मिळायला लागली, आणि त्यातल्या कितीतरी चोरून छापलेल्या. कुठल्या दुकानदाराला विचारणार? शिवाय घरात टीव्ही होता आणि बुधवारी त्यावर चित्रहार. १९९४ मध्ये गीतमाला थांबली. सिबाका ब्रँड त्याच वर्षी कोलगेटने घेतला. पुढे २००० ते २००३ अशी काही वर्षं ती कोलगेटचं नाव लावून पुन्हा लागली. अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत गेले, वयाच्या एक्क्याण्णवव्या वर्षी.

काकांची वही १९८९ च्या पुढेही काही महिने चालू आहे. त्या पानांवर खरखर एकदाही नाही, सोळाच्या सोळा ओळी भरलेल्या, अक्षर सुबक. मग एका पानावर १६ ते ११ एवढीच गाणी आहेत आणि पुढची पानं कोरी. काय झालं होतं म्हणून काकूला विचारलं, तर म्हणाली, ‘झोप लागली त्यांना.’